गिरणीचा भोंगा, बर्फाच्या कारखान्यावर

अकोल्याच्या त्या वस्तीत घरोघरी घड्याळं आली ती फार उशिरा. त्याआधी सूतगिरणीचा भोंगा होता. पहिल्या भोंग्याला चुली पेटत, दुसऱ्याला माणसं डबा घेऊन बाहेर पडत, आणि दुपारचा भोंगा झाला की शाळेतली पोरं मास्तरांची परवानगी न घेताच दप्तरं आवरू लागत. हा भोंगा वाजवायचं काम देवमन वानखडेचं. टाइमकीपरच्या खोलीत भिंतीवर एक काळं बटण होतं. ते दाबलं की छपरावरची मोटार घरघरायची आणि मग तो जाड, लांबलचक आवाज सगळ्या वस्तीवरून फिरून यायचा.

चतुराबाई तेव्हा सुताच्या लडी करणाऱ्या रीलिंग खात्यात कामाला होती. तिला नेहमी उशीर व्हायचा. भोंगा थांबला की फाटक बंद, असा गिरणीचा नियम. देवमन खिडकीतून रस्त्याकडे बघत बटण दाबून धरायचा आणि ती फाटकातून आत शिरली की मगच अंगठा काढायचा. जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम, पंजाबराव हे पाहून म्हणायचे, "देवमन, बावा, त्या पोरीपायी मोटार जयीन ना गिरणीची." मोटार जळली नाही. लग्न झालं.

पुढं गिरणी बंद पडली. यंत्रं भंगारात गेली. जागेचा एक तुकडा बर्फाच्या कारखान्याला मिळाला, फाटक मात्र जुनंच राहिलं. देवमन त्याच फाटकावर चौकीदार झाला. भोंगा मागच्या शेडमध्ये पोत्यांखाली पडून होता. महिन्या-दोन महिन्यांनी देवमन त्याला तेल द्यायचा. कशासाठी, हे त्याला कुणी विचारलं नाही.

बर्फ करायला अमोनिया लागतो. तो थोडा सुटला तरी डोळ्यांना धारा लागतात आणि जास्त सुटला तर श्वास कोंडतो. म्हणून असा कारखाना असला की सरकारी आराखडा करावा लागतो. वायू सुटला तर कुणाला लगेच कळवायचं, वस्ती कुठून कुठं हलवायची, दवाखान्यानं काय तयारीत ठेवायचं, हे सगळं त्यात असतं. जिल्ह्याच्या समितीकडून अदिती मॅडम हे काम बघायला आल्या. वयानं लहान, पण प्रत्येक गल्ली स्वतः चालून बघणाऱ्या. "वस्तीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा इशारा हवा," त्या म्हणाल्या.

मॅनेजर ललित नव्या सायरनच्या किमती काढायला लागला, तेवढ्यात दाराशी उभा असलेला देवमन म्हणाला, "साहेब, आपला भोंगा हाय ना. पार नाल्यापलीकडं जाते त्याचा आवाज."

भोंगा पुन्हा छपरावर चढला. मोटारीचं वायरिंग देवमननं उभं राहून करून घेतलं, बटण फाटकाजवळच्या चौकीत बसवलं. त्या आठवड्यात तो घरी दोन घास जास्त जेवला, असं चतुराबाईनं शेजारी सांगितलं.

वायू सुटला तर काय करायचं, याच्या रंगीत तालमीआधी वस्तीतल्या विहारात बैठक झाली. अदिती मॅडमनी समजावलं, की भोंगा वाजला की नाकाला ओलं फडकं लावायचं, कारखान्याकडं पाठ करायची आणि वारा आडवा घेत शाळेच्या मैदानावर जमायचं.

"मॅडम, गुडघे दुखतात त्यायनं काय कराव?" पंजाबरावांनी विचारलं.

"तुमच्यासाठी गाडी येईल, काका."

"मंग तर रोज वाजवा," पंजाबराव म्हणाले आणि विहार हसला. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना समजलं होतं.

तालमीच्या दिवशी देवमननं बटण दाबलं. छपरावरून तो आवाज सुटला आणि देवमनला क्षणभर सुताचा वास आला, कापसाचे तंतू हवेत दिसले. मग त्यानं रस्त्याकडं पाहिलं.

माणसं येत होती. मैदानाकडं नव्हे, फाटकाकडं. पंजाबराव काठी टेकत सगळ्यांच्या पुढं होते. रीलिंगच्या बाया होत्या, कापूस पिंजणाऱ्या कार्डिंग खात्याचे दोघं-तिघं होते. कुणी घाबरलेलं नव्हतं. उलट चेहरे उजळले होते. फाटकाशी आल्यावर ती सगळी जुन्या सवयीनं एका रांगेत उभी राहिली. मागून पदर सावरत, लगबगीनं चतुराबाई आली.

देवमनचा अंगठा बटणावरच होता.

"तू इकडं काहून आली व?" तो खिडकीतून ओरडला.

चतुराबाई थबकली. आजूबाजूला पाहत म्हणाली, "काय मालूम. भोंगा वाजला, मी निंगाली."

ललितनं सगळ्यांना घाईघाईनं बोळातून मैदानावर पिटाळलं. तिथं तरुण मंडळी, सुना, शाळेची पोरं आधीच जमली होती. अदिती मॅडमनी मैदान भरलेलं पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. नंतर ऑफिसात चहा आला.

"थोडा उशीर झाला, पण सगळे पोचले ना?" त्यांनी विचारलं.

"सगळे, मॅडम. भोंगा एकदम भारी," ललित म्हणाला.

देवमन कपबश्या उचलत होता. गप्प बसलं असतं तर भोंगा राहिला असता. दर तालमीला तो बटणाशी उभा राहिला असता. पण अमोनिया सुटला तर तो वायू आधी फाटकापाशीच येणार, आणि फाटकापाशी चतुराबाई.

"मॅडम," तो म्हणाला, "म्हातारे लोक पयले फाटकावर आलते. माही बायको बी. तो भोंगा लोकायले बोलावते. हाकलत नाई."

ललितनं त्याच्याकडं रागानं पाहिलं. अदिती मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला आणि एकेक गोष्ट विचारून घेतली. मग म्हणाल्या, "संकटासाठी वेगळा सायरन घेऊ. हा भोंगा हवा तर सणावाराला वाजवा. लोकांना आवडतो."

देवमननं मान हलवली. "नाई मॅडम. कवाबी वाजला तरी पाय इकडंच येतीन. त्याले मुकाच ठेवा."

वायर त्यानं स्वतःच सोडवली. पंजाबराव पुष्कळ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. एकदा टपरीवर गाठून एवढंच म्हणाले, "सरकारनं बंद केला असता तर समजलो असतो. तू केला."

"पंजाबराव, तुमी रांगेत पयले होते," देवमन म्हणाला. त्या दिवशी देवमनच्या चहाचे पैसे पंजाबरावांनीच दिले.

पुढच्या तालमीला नवा सायरन वाजला. वरखाली होणारा, कानात घुसणारा. वस्ती शिव्या देत, ओली फडकी धरून मैदानावर गेली. फाटकासमोरचा रस्ता रिकामा राहिला. देवमन खिडकीतून बराच वेळ त्या रस्त्याकडं बघत होता. कुणीही आलं नाही. हेच तर हवं होतं.

धोका टळल्याची सूचना झाल्यावर तो मैदानावर गेला. तरुण मंडळी पांगली होती. म्हातारी माणसं मात्र लिंबाखाली बसून राहिली होती, आणि कुणाला कितीदा खाडा पडला, कोण भिंतीवरून उडी मारून आत यायचं, यावरून वाद चालला होता. त्यांच्या मधोमध बसून चतुराबाई हात उडवत सांगत होती, की तिला गिरणीत कधीच उशीर झाला नाही.

"एकदाबी नाई," ती म्हणाली आणि देवमनला बसायला जागा करून दिली.