मधल्या खोलीतला ऑर्किडचा दिवा

मागच्या नाताळच्या सुट्टीत तुम्ही दोघं आला होतात, तेव्हा अकोल्याला माझ्या बहिणीकडे जाऊन परतताना वाटेतल्या नर्सरीतून मला ऑर्किडची कुंडी घेऊन दिलीत. पांढरी फुलं, मधोमध जांभळा ठिपका. निघताना थोरलीने बजावलं, "आजी, पुढच्या नाताळला आम्ही येऊ तेव्हा याला फुलं असली पाहिजेत." मी हो म्हणाले. शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई सहजासहजी हो म्हणत नाही. म्हटलं की पाळावं लागतं.

फुलं फेब्रुवारीत गळली. ते रीतीप्रमाणेच होतं. पण मग आमचा उन्हाळा लागला. तुम्ही नेहमी थंडीतच येता, म्हणून सांगते. सकाळी नऊला आम्ही खिडक्या लावतो, जाड पडदे ओढतो, कूलर सुरू करतो आणि संध्याकाळी सहापर्यंत घरात अंधार करून बसतो. बाहेर ठेवलं असतं तर ते झाड दोन दिवसांत पापडासारखं वाळलं असतं, म्हणून मी ते मधल्या खोलीत पुस्तकांच्या बुटक्या कपाटावर ठेवलं. पानं गडद, काळपट हिरवी झाली.

स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बाई, कसं हिरवंगार झालं पाहा. मानवलं त्याले तुमचं घर."

मलाही तसंच वाटलं. हिरवंगार म्हणजे सुखी, हे आपण कपाशीकडे बघून शिकलेलो. व्हिडिओ कॉलवर मी ती पानं मोठ्या अभिमानाने दाखवली, तर थोरली म्हणाली, "आजी, ते उपाशी आहे गं. उजेड मिळत नाही म्हणून पानं इतकी गडद झाली. पोपटी हवीत. अशाने फुलं येणार नाहीत."

मग मी रीतसर वाचन केलं, टिपणं काढली आणि बहिणीकडे गेले तेव्हा अकोल्याच्या बाजारात विजेच्या सामानाच्या दुकानात शिरले.

"कोन्या खोलीले पायजे, काकू?" दुकानदाराने विचारलं.

"खोलीला नाही, झाडाला."

"इथं मानसाइले लाइट पुरत नाही, अन् तुमी झाडाले लावून राहिल्या," असं म्हणत त्यांनी मागच्या फळीवरून एक जांभळा बल्ब काढला. "हा घ्या. खास झाडाचाच हाय."

तो लावल्यावर मधली खोली वरातीतल्या बँडच्या गाडीसारखी दिसू लागली. आजोबांनी ताट उचललं आणि व्हरांड्यात जाऊन बसले. "वरणाचा रंग ओळखू येऊन नाही राहिला," म्हणाले. माझी अडचण वेगळी होती. त्या उजेडात पानं काळीच दिसत, मग ती पोपटी होताहेत की नाही हे कळायचं कसं?

पुढच्या खेपेला तो परत केला. दुकानदाराने पिवळसर आणि पांढरा असे दोन साधे एलईडी शेजारी शेजारी लावून दाखवले. मला पिवळसर आवडला, डोळ्यांना शांत वाटतो. पण माझ्या टिपणात लिहिलं होतं की आपल्या डोळ्यांना आवडेल तेच झाडाला आवडेल असं धरू नये. त्याला भरदिवसाच्या उजेडासारखा पांढरा द्यावा. खोक्यावर उजेडाच्या रंगाचा आकडा ६५०० लिहिलेला तो पांढरा मी घेतला, वाकणाऱ्या टेबल लॅम्पमध्ये बसवला, आणि पानांपासून दोन वीत उंचीवर ठेवला. सकाळी आठ ते रात्री आठ असं ठरवून दिलं.

दोन महिने झाले, नवं पानसुद्धा नाही. मी बल्ब घेऊन तक्रार करायला गेले. दुकानदाराने तो लावून पाहिला. लख्ख.

"बल्ब तं चांगला हाय, काकू. रोज किती वेळ लावता?"

"बारा तास."

"सोता पाहता, का नुसतं सांगून ठेवलं?"

मी बल्ब पिशवीत घातला आणि घरी परतले.

आमच्या घरात प्रत्येक बटणाखाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे: "खोलीबाहेर जाताना दिवा बंद करावा." तुमची आई शाळेत असताना मी त्या लावल्या. ती आजही हॉटेलातून निघताना सगळी बटणं तपासते.

दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात बसून नजर ठेवली. नऊला मावशी झाडून बाहेर पडल्या आणि जाता जाता बटण दाबलं. मी पुन्हा लावला. साडेदहाला आजोबा चष्मा घ्यायला आत गेले, येताना टक्. मी पुन्हा लावला. जेवण झाल्यावर मी पडायला निघाले आणि टक् ऐकून थबकले. बटणावर माझंच बोट होतं.

आजोबा दारातच उभे होते. "आता कोनाले बाकावर उभं करता, हेडबाई?"

मी त्या बटणाखालची चिठ्ठी काढली आणि "हा दिवा रात्री आठपर्यंत बंद करू नये" अशी दुसरी लिहायला घेतली. मावशी म्हणाल्या, "राहू द्या बाई. इतक्या वर्साची सवय चिठ्ठीनं जात नाही." त्यांनी बटणावर सरळ चिकटपट्टी लावली. अंधारातही बोटाला लागेल अशी, जाडजूड.

दसऱ्यापर्यंत पानं पोपटी झाली, एक नवं पानही आलं. दिवाळीनंतर रात्री गार होऊ लागल्या, आणि पानाच्या बगलेतून हिरवं टोक डोकावलं. आजोबा म्हणाले मूळ आहे, मी म्हणाले फुलांची दांडी. आठ दिवस वाद चालला. मग ते टोक हळूहळू दिव्याकडे वळायला लागलं. मूळ काही उजेडाकडे वळत नाही, तेव्हा आजोबांनी हार मानली.

आता दांडीवर सात कळ्या आहेत. खालची हरभऱ्याएवढी, वरची ज्वारीच्या दाण्याएवढी. दुपारी आम्ही दोघं तिथेच बसतो, पांढऱ्या उजेडात. आजोबा मोर्शीची संत्री सोलतात आणि मला पेपर वाचून दाखवतात. काल उठताना त्यांचा हात बटणाकडे गेला, पट्टीला लागला आणि परत आला.

तुम्हाला यायला अजून तीन आठवडे आहेत. एखादी कळी त्याआधीच उघडली, तर मी तिला रागावणार नाही.