शालनचं पाण्याचं पान

शनिवारी सकाळी चहा झाल्यावर आम्ही दोघं भांडत होतो. मी लॅपटॉपसमोर, आणि शालन, माझी बायको, पलंगावर काळा चष्मा लावून. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघायला बंदी घातली होती, हुकूम सोडायला नव्हती. म्हणून मी, सातवी शिकलेला वेल्डर, एका बोटाने टाइप करत होतो.

"काय म्हणता तो?" तिने मालवणीत विचारलं.

"म्हणतो, सामान सापडत नाही," मी स्क्रीनवरचं वाचून सांगितलं.

"मेल्याक खंय बघूचा ता सांगितलास?"

शालन टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाली. तिच्या मैत्रिणी भजनाला लागल्या, ही व्हिडिओ बघून कोडिंगला लागली. मला वाटलं, चार दिवसांत थंड होईल. चार दिवसांत मला डाळभाताचा कुकर लावायला शिकवलं तिने, कारण तिला वेळ नव्हता.

कारण होतं पाणी. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पाणी कधी सुटणार हे एकट्या सेक्रेटरी मोडकांना ठाऊक. वॉचमन टाकीचा व्हॉल्व्ह त्यांचा फोन आला की फिरवतो. त्यांच्या ए विंगमध्ये टाक्या ओसंडतात, आमच्या सी विंगमध्ये नळ खोकतो. शालनने ठरवलं, वॉचमनला आणि शेजारणींना विचारून तिन्ही विंगच्या वेळा गोळा करायच्या आणि त्या सगळ्यांना मोबाईलवर दिसतील असं एक पान करायचं. म्हणजे लपवाछपवी बंद. मोडक हसून म्हणाले, "करा की काकू! रविवारच्या सभेत चालू करून दाखवा. नाही जमलं तर विषय कायमचा बंद." मोडक असे हसतात की आपल्यालाच वाटावं, आपण काही उसनं मागायला आलो.

तर पान अडलं होतं ते असं. शालनने लिहिलेल्या बारक्या बारक्या फायली एकत्र बांधून एक गठ्ठा करणारा प्रोग्राम असतो. त्याला घरच्या फायली दिसतात. पण मराठी तारखा दाखवायचं सामान दुसऱ्याच कुणी तयार केलेलं, ते वेगळ्या फोल्डरात. तिथे तो आपणहून जात नाही. वाट दाखवायला एक प्लगिन लावावं लागतं.

"अगदी तुमच्यासारखो," शालन म्हणायची. "सांगल्याशिवाय साखरेचो डबो गावाचो नाय."

तिला स्वतःला मात्र सगळं गावायचं. विक्रोळीच्या चाळीत आम्ही असताना कुणा एकीच्या घरी सगळं सामान नसायचं. पुरणयंत्र एकीकडे, मोठं पातेलं दुसरीकडे, पाट तिसऱ्या मजल्यावर. बारसं निघालं की बायका आधी शालनकडे यायच्या. वस्तू मागायला नाही, ती सध्या कुणाकडे आहे ते विचारायला. "वस्तू आपली नसली म्हणान काय झाला? खंय असा ता म्हायत व्हया," हे तिचं वाक्य. फ्लॅटमध्ये आल्यावर प्रत्येकाकडे सगळं झालं आणि शालनला कुणी काही विचारेना. मला वाटतं, त्या कोडिंगमध्ये तिला चाळच परत मिळाली होती.

"प्लगिन टाकलंय ना पण!" मी ओरडलो.

"वाचा. खंय टाकलास?"

"वरती. पहिल्या ओळीत नाव आहे."

"आणि खाली प्लगिनच्या यादीत?"

खाली नव्हतं. नुसतं बोलावून दारात उभं केलं होतं, कामाला लावलंच नव्हतं. शालन म्हणाली, "म्हणजे आपल्या कमिटीसारखा. नावां फळ्यार, काम कोण करीना." मी खाली नाव घातलं. गठ्ठा बांधायला लावला. सामान सापडलं! पण लगेच नवी कुरकुर.

"गावला खरा," ती म्हणाली, "पण त्याची बोली जुनी. मधे दुभाषी बसवूक व्हयो. ता प्लगिन मी आणून ठेवलंय, तसाच वर आणि खाली घालूचा. उद्या सभेआधी करूया. आता डोळो ठणकता."

दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. संध्याकाळी सगळं आटोपलं.

रविवारी सकाळी घरभर माणसं. मोडक पांढऱ्या कपड्यांत आले. "काका, सभा तहकूब केली. काकूंच्या स्मृतीला मान म्हणून तो पाण्याच्या पानाचा विषयही आपण थांबवू." मेल्या माणसाचा मान राखायची घाई किती! जिवंतपणी एक नळ नीट सोडला नाही.

ते गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. शालनची भाची मेघा रडत होती, ती दचकली. "काका, हे आत्ता? सुतक आहे."

"सुतक मला आहे. पाण्याला नाही."

दुभाष्याचं नाव वर लिहिलं, खाली लिहिलं. दोनदा चुकलो. शिव्या द्यायला कुणी नव्हतं, मीच दिल्या. तिसऱ्यांदा गठ्ठा मुकाट बांधला गेला. पान इंटरनेटवर चढवायचं काम मेघाचं ठरलेलं, तिने डोळे पुसून चढवलं. सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. तिच्याखाली मी पान टाकलं.

थोड्या वेळाने बी विंगच्या जोशीबाईंचा फोन आला. आधी त्या चाचरल्या. "काका, आजच्या दिवशी बोलू नये, पण आमची संध्याकाळची वेळ चुकीची दिसतेय."

"बोलू नये काय? सांगा, बरोबर वेळ कुठली," मी म्हटलं, आणि लॅपटॉप पुढे ओढला.