टांग्यातून उतरलेले काका

नाशिकच्या शरणपूर भागात गेणू टांगेवाल्याचं दोन खोल्यांचं घर होतं. बायको मंगलाबाई मिशनच्या एका इस्पितळात आया होती. रोज पहाटे चुलीला हात लावायच्या आधी ती गुडघे टेकायची आणि घरच्यांच्या बरोबरीनं कोंडाजीकाकांचंही नाव घेऊन प्रार्थना करायची.

तेवढं एक नाव ऐकलं की गेणूचं डोकं फिरायचं. कोंडाजी हा तिचा सख्खा चुलता. नांदगावकडच्या गावी तिच्या वडिलांनी, धोंडीरामांनी, बाप्तिस्मा घेतला तेव्हा याच भावानं त्यांची भांडीकुंडी रस्त्यावर फेकली होती. ऐन थंडीत उघड्यावर राहून धोंडीरामांची छाती भरली आणि संक्रांत यायच्या आत ते गेले.

"बापाच्या जिवावर उठलेला माणूस तो," गेणू म्हणायचा. "त्याचं नाव माझ्या घरात नको."

"प्रभू येशू परत कधी येईल सांगता येत नाय," मंगलाबाई म्हणायची. "येईल तेव्हा मनात अडगळ नको."

गेणूला वाटायचं, बोलायला काय जातंय.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात स्टेशनवर त्याच्या टांग्यात एक म्हातारा बसला. पाय काळानिळा पडलेला, वर मळक्या चिंध्या गुंडाळलेल्या. सोबत कोणी नव्हतं. मोठ्या दवाखान्यात ने म्हणाला.

"नाव काय बाबा?"

"कोंडाजी. नांदगावकडचा हाय मी."

गेणूनं लगाम ओढला. "धोंडीराम नावाचा भाऊ होता का तुम्हाला?"

म्हाताऱ्यानं पायावरच्या चिंध्या सावरल्या. मग खाली बघत म्हणाला, "हुता."

त्याला तिथंच उन्हात उतरवून द्यावं, असं गेणूच्या मनात आलं. पण त्याहून वाईट विचार त्यामागून आला. त्यानं घोडा दवाखान्याकडे न वळवता घराकडे वळवला. इतकी वर्षं पहाटे जे चाललंय ते खरं किती, ते आज बघायचंच होतं त्याला.

मंगलाबाई पिठाच्या हातांनी दारात आली. तिनं म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि चौकट धरली. गेणू तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवेना. आता ती रडेल, शिव्या देईल, नाहीतर दार लावून घेईल.

"काका," ती म्हणाली, "पाय जपून उतरा. मी धोंडीरामांची मंगल."

म्हातारा टांग्यातच थिजला. तिनं हात धुतले, त्याला धरून खाली घेतलं, पाणी पाजलं आणि ओट्यावर बसून पायाच्या चिंध्या सोडायला लागली. वास असा होता की घोडासुद्धा मान फिरवून उभा राहिला. तिच्या कपाळावर आठी नव्हती. गेणूच्या अंगावर काटा आला. जिच्याशी संसार केला ती ही बाई आपल्याला कधी दिसलीच नव्हती, असं त्याला वाटलं. आपण कशासाठी हा टांगा इकडे आणला, हे आठवून त्याला तिच्याकडे बघवेना.

त्याच दुपारी त्यांनी म्हाताऱ्याला इस्पितळात नेलं. पुढं पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्या दुपारी त्याला तिथं ठेवून परत येताना गेणूनं विचारलं, "तुला राग नाय आला?"

ती पदर सावरत म्हणाली, "दार उघडलं तेव्हा मलाच भीती वाटली, आतून काय निघंल म्हणून. पहिली कितीतरी वर्षं दात आवळून नाव घ्यायची मी त्यांचं. तोंडानं आशीर्वाद, पोटात शाप. कधीतरी आवळायचं थांबलं असंल. आज शोधलं, तर काहीच नव्हतं. मी नाय हो केलं ते. माझ्याच्यानं झालं नसतं."

गेणूनं लगाम एका हातात घेतला. भर उन्हात, रहदारीत, चर्चमध्ये शिरल्यासारखी त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

कोंडाजीला न्यायला गावाहून कोणी आलं नाही. तो पाच वर्षं त्यांच्याकडे राहिला. ओट्यावर बसून आपल्या खंडोबाचं नाव घ्यायचा. मंगलाबाईनं त्याला कधी टोकलं नाही. एकदा त्यानं तिला समोर बसवलं आणि धोंडीरामचं शेवटी काय झालं ते विचारलं. तिनं काही न झाकता सगळं सांगितलं. तो लहान पोरासारखा रडला, आणि ती त्याच्याजवळ बसून राहिली.

तो गेल्यावर त्याला अग्नी द्यायला नांदगावहून त्याचा मुलगा आला. गेणूनं काकांना स्वतःच्या टांग्यातून नदीवर नेलं.