कासवाची पंगत

मी जन्मात एकच पुस्तक वाचलं, आणि त्यापायी आमच्या दारात अठ्ठेचाळीस माणसं जेवायला आली.

तेव्हा आम्ही साताऱ्याकडचं गाव सोडून सांगलीत, विश्रामबागेला नवीनच आलो होतो. मी कुपवाडला लेथ चालवायचो. माझं काय, यंत्र कुठंही तसंच फिरतं. पण आमच्या सात वर्षांच्या सुमीशी कुणी खेळेना. शाळेतनं आली की पायरीवर बसून मुंग्या बघायची. एकदा म्हणाली, "आबा, मला गावाला सोडा. तितं म्हशी तरी वळखत्यात."

त्याच संध्याकाळी बाजारातनं तिला चित्रांचं पुस्तक आणलं. कुणीतरी सांगितलं, दोस्तीची गोष्ट आहे.

आता माझी शाळा दुसरीपर्यंत (तीसुद्धा मास्तर कंटाळले म्हणून). पण पोरीपुढं माघार कशी घ्यायची? चित्रं बघून ठोकत सुटलो! एक कासव. त्याला बदक, बेडूक, खार, कुणी जवळ करीना. शेवटच्या पानावर सगळी गोल बसलेली, आणि कासव हातात कायतरी घेऊन मागनं फिरतंय.

"ही बघ पंगत! कासवानं समद्यांना चूलबंद आवतान दिलं, सोता वाढलं. झाली दोस्ती!"

"चूलबंद म्हंजी?"

"म्हंजी घरात चूल पेटवायची न्हाई. म्हातारी, तान्ही, आलंगेलं पावनं, समद्यांनी जेवायला यायचं!"

(जीभ आवरायची अक्कल मला तेव्हाही नव्हती.)

रविवारी दुपारी चारला मी बनियनवर सायकल धूत होतो. समोरचे जैन अण्णा बायको, आई, चार पोरं घेऊन दारात उभे!

"काय अण्णा, कुठं निघालासा?"

"तुमच्याकडंच की! दिवस मावळायच्या आत जेवतो आमी, म्हणून लौकर आलो. कांदा-लसूण न्हाई न्हवं?"

"कशात?"

"जेवणात!"

"कुठल्या जेवणात?"

अण्णांची आई काठी आपटून म्हणाली, "आवं, तुमच्या पोरीनं गल्लीत घरोघर चूलबंद आवतान दिलंय. सकाळपासनं चूल पेटली न्हाई आमची!"

तेवढ्यात बँकेतले साहेब सासऱ्यांचा हात धरून आले. मागनं शिंप्याचं अख्खं घर. त्यांच्याकडं मिरजेचे पाव्हणे आले होते, तेही आले!

मी स्वयंपाकघरात पळालो. "अगं, सांगतो समद्यांना, पोरीचा खेळ हाय, घरी जावा!"

आमची मंडळी, म्हणजे सुमीची आई, परातीत पीठ ओतत म्हणाली, "सांगा की. आन् उद्या हिच्यासंगं कोण खेळंल?"

बाहेर बघितलं. सुमी परकर सावरत एकेकाला पाट मांडत होती. तोंडावर असा आनंद, की मी तसाच मागं फिरलो.

"मग करायचं काय?"

"दुकानातनं डाळ आणा. आन् तोंड बंद ठिवा!"

डाळ घेऊन येतो तर अण्णांची बायको भाकरी थापतेय, साहेबांच्या बायकोनं घरनं स्टो आणलाय, शिंपीण भात घालायला पळालीय. चूलबंद आवतानापायी गल्लीतली एकूण एक चूल पेटली! दिवस मावळायच्या आत बिनलसणाची आमटी मी वाढली. (अर्धी अण्णांच्या धोतरावर.)

जेवणं झाल्यावर गल्लीतल्या पोरींनी सुमीचं पुस्तक उघडलं. एक खिदळली, "काका, ही पंगत न्हाई! ही मामाचं पत्र हरवलं खेळत्यात! कासवाच्या हातात रुमाल हाय!"

सगळी गल्ली हसली. सुमी माझ्याकडं बघायला लागली. मला जमीन गिळंल तर बरं असं झालं.

ती पोर सुमीचा हात ओढत म्हणाली, "चल की, आपण बी खेळू! पयलं राज्य तुझं."

अंगणात गोल झाला. सुमी रुमाल घेऊन अशी पळाली!

मी मंडळीला विचारलं. ती चौथी पास. "तुला ठावं हुतं व्हय गं?"

"पयल्या दिवसापासनं."

"मग बोलली न्हाईस?"

"तुमी वाचत हुता, ती हसत हुती. मधी कशाला बोलू?"

मंडळी जाऊन दोन वर्षं झाली. आता घरात सगळी शिकलेली. मी तोंड उघडलं की सुमीसकट चौघं दुरुस्त करतात. आणि वाईट ह्याचं वाटतं, की दर वेळी त्यांचंच बरोबर निघतं!