रिकाम्या पिंपाला पाणी

तेलवाहू जहाजावरच्या खलाशाला सुट्टीत समुद्र नकोसा होतो. त्या उन्हाळ्यात मी रत्नागिरीहून निघालो तो ढाणकीला, बहिणीच्या घरी. यवतमाळला मोटार बदलली. कपाशीची उलंगवाडी (शेवटची वेचणी) कधीच झाली होती. शेतांत नुसत्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. आर्णीच्या अलीकडे इंजिन तापलं आणि गाडीने बसकण मारली.

ड्रायव्हर पाणी मागायला जवळच्या तांड्यावर निघाला, त्याच्यासोबत मीही गेलो. तिथे भीमाबाईंच्या घरी दुसऱ्या दिवशी नातीचं लग्न होतं. त्यांनी ज्वारीची भाकर आणि ठेचा पुढे केला. ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढलं, तरी मी दुसरी भाकर घेतली.

हात धुताना पेट्रोलचा वास आला. निंबाखाली लोहार बसला होता. पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायला आणलेल्या पिंपाचं झाकण तो कापणार होता. शेजारी भट्टी पेटलेली, भोवती पोरं. त्याने छिन्नीवर हातोडा उगारला आणि मी धावत जाऊन त्याचा हात धरला.

"काहून?" तो म्हणाला. "खाली हाये पिंप. थेंब नाही त्यात."

"म्हणूनच भीती. आत पेट्रोलची वाफ कोंडलीय. ठिणगी पडली की पिंप फुटेल."

आमच्या जहाजावर तेल उतरल्यावर टाक्या धुऊन आतली वाफ घालवल्याशिवाय कोणी हातोडी उचलत नाही. शेजारच्या एका जहाजावर घाई झाली होती. तिथे माझा दोस्त सदू होता. त्याचं काय झालं, ते लग्नघरात सांगवेना. भट्टी विझवा आणि पिंप काठोकाठ भरा, एवढंच म्हणालो.

सगळ्यांची तोंडं पडली. विहीर नाल्यापलीकडे होती.

"मले कालपरेंत कोनी शिकवाले आलं नव्हतं," लोहार पुटपुटला.

भीमाबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "मानूस खरंच भेला हाये. भरा वं पोरीहो."

मीही घागर उचलली. निम्मी माझ्याच सदऱ्यावर सांडली, आणि पोरी पोट धरून हसल्या. पिंप भरलं. लोहाराने झाकण कापलं, उचकटलं, बाजूला ठेवलं. पोरं पुन्हा त्याच्या पाठीशी येऊन खेळू लागली. मी तिथेच मातीत बसलो. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"पाह्यलं? काईच झालं नाही," लोहार म्हणाला. "कायले एवढं पानी नासवलं?"

तवंग आलेलं पाणी ओतून देताना भीमाबाईही म्हणाल्या, "तुमच्यापायी पोरींच्या कमरा मोडल्या, भाऊ."

मी हात जोडले. इतकी गोड बोलणी मी कधी खाल्ली नव्हती.

ढाणकीला बहिणीकडे आठवडाभर राहून घरी परतलो. आईने विचारलं, "वाटेत काय काय झालं?"

आमच्या कामात नीट केलेल्या गोष्टीची खूण मागे उरत नाही. फुटलेलं पिंप सगळ्यांना दिसतं. न फुटलेलं कोणाला दाखवणार?

"काहीच झालं नाही," मी म्हणालो.

"मग एवढ्या लांब गेलास कशाला?" आई म्हणाली.