काळे मणी

नातीच्या फोनवर रोज एक विषय येतो आणि त्यावरून आम्ही दोघी मण्यांचा दागिना करतो. आज आला काळा रंग. नातीने कानातलं केलं. माझ्या बोटांनी मला न विचारता सवाष्णीची दुपदरी पोत ओवली. लांबी बघायला गळ्याशी धरली, तर सुनेने घाईने काढून घेतली. "आई, तुम्ही नका घालू. मी बघते."

नवरा मारायचा तेव्हा पोत तुटायची आणि मणी वेचून मीच पुन्हा ओवायचे. तो गेल्यावर बायकांनी ती उतरवली. त्याची आठवण येत नाही, गळ्याला मण्यांची मात्र येते. काळे मणी ओवायला बाईला कुणी अडवत नाही. घालायला पुरुष जिवंत लागतो.

सुनेने पोत घातली. "आखूड झाली," म्हणाली.

होणारच. माप माझ्या गळ्याचं होतं.