अडलेला अंतरा

कुमुदबाई बाहेरच्या खोलीत तानपुरा जुळवायच्या आणि कान ठेवायच्या स्वयंपाकघरात. "सुमन, डाळीत पाणी घाल, आवाज जाड झालाय," म्हणायच्या. झाकण काढून बघावं तर डाळ खरंच तळाला लागत आलेली असायची. गंगापूर रोडला त्यांच्याकडे मी बावीस वर्षं संध्याकाळचा स्वयंपाक केला.

माझा नितीन लहानपणी माझ्याबरोबर यायचा. मी कणीक मळायची आणि तो बाईंसमोर बसून गायचा. पुढे फौजेत गेला, तरी फोनवर आधी विचारायचा, "बाई कशा हायेत?" मी चौथी शिकलेली. "जेवला का?" याच्यापुढे मला सुचायचं नाही. त्या दोघांचं बोलणं मात्र संपायचं नाही. माझा जीव जळायचा, पण सांगणार कुणाला?

लढाई सुरू झाली तेव्हा तो सरहद्दीवर होता. त्याचा फोन लागेना. टीव्हीवर दिवे मालवलेली गावं दाखवत होते. बाईंनी मारव्यात नवी बंदिश बांधायला घेतली, 'आज दिवा लावू नको गं'. तेवढी एकच ओळ रोज संध्याकाळी गायच्या.

"पुढचं कधी व्हायचं?" मी विचारलं.

"सा म्हणजे घर. मारव्यात घरी लवकर पोचता येत नाही. नितीनचा फोन आला की अंतरा बांधीन."

शिकायला येणाऱ्या मुली ती ओळ ऐकून डोळे पुसायच्या, बाईंचा हात धरायच्या. पोरगा माझा होता. माझा हात कुणी धरला नाही.

लढाई थांबली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "आई, बरा हाय मी. एकच फोन करू देतायत. बाईंना लगेच सांग."

"सांगते," म्हटलं.

नाही सांगितलं. संध्याकाळी जाऊन पोळ्या लाटायला घेतल्या. बाहेर बाईंनी ती ओळ धरली आणि मध्येच सोडून दिली. थकल्या असतील, असं मला वाटलं. मी पुढची पोळी लाटायला घेतली. एक दिवस तरी तो माझ्या एकटीचा असू दे.

दुसऱ्या दिवशी मात्र राहवेना. "बाई, नितीनचा फोन आलता. काल सकाळी."

त्या तानपुऱ्याची खुंटी पिळत होत्या. "माहीत आहे. इतके दिवस तुझं लाटणं अडखळत होतं. काल सरळ चाललं."

"मग विचारलं का नाय?"

"तुझा मुलगा आहे, सुमन. त्याचा आवाज आधी तुला पोटभर ऐकून तर होऊ दे."

माझी मान वर होईना. माझे हात पिठाचे, तरी त्यांनी मला तशीच शेजारी बसवून घेतलं आणि अंतरा बांधला.

दिवाळीनंतर बाई गेल्या. नितीन सुट्टीवर आला की माझ्या स्वयंपाकघरात बसून तो अंतरा गातो. सा लागला की डोळे मिटतो. त्याच्यासमोर तेव्हा कोण असतं, ते मला कळतं. मग मी लाटणं जरा जोरात आपटते. तो डोळे उघडतो आणि माझ्याकडे बघतो.